प्रयोगवहीतल्या चुकलेल्या अंदाजालाही गुण मिळावेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी अनेक वर्षे शाळेत विज्ञान शिकवले आणि आता अधूनमधून विद्यार्थ्यांच्या विज्ञान प्रदर्शनांत परीक्षक म्हणून जाते. वैज्ञानिक पद्धतीच्या पायऱ्या आपण मुलांना ज्या रीतीने शिकवतो, त्या रीतीतच एक मोठी उणीव राहून गेली आहे, असे माझे मत या अनुभवातून बनले आहे. ते आपल्या वाचकांपुढे, विशेषतः शिक्षक आणि पालक यांच्यापुढे, मांडावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

एका प्रदर्शनात सातवीतल्या एका मुलीने ‘बी रुजण्यासाठी प्रकाश लागतो का?’ हा प्रश्न घेतला होता. घेवड्याच्या दहा बिया खिडकीतल्या भांड्यात आणि दहा बंद खोक्यात ठेवलेल्या भांड्यात, माती एकाच ठिकाणची, पाणी मोजून सारखे, अशी नेटकी मांडणी तिने केली होती. तिच्या तक्त्यात खिडकीतल्या भांड्यापुढे नऊ आणि खोक्यातल्या भांड्यापुढे शून्य असे आकडे होते, आणि खाली ‘यावरून बी रुजण्यासाठी प्रकाश आवश्यक असतो हे सिद्ध झाले’ असे सुवाच्य अक्षरात लिहिलेले होते. मी ते खोके पाहायला मागितले, तेव्हा ती गोंधळली. खोक्यात नऊ रोपे होती, फिकट पिवळी, बारीक देठांची आणि खिडकीतल्या रोपांपेक्षा कितीतरी उंच. ती हळूच म्हणाली, “बाई, उगवली होती, पण झाडाला सूर्यप्रकाश लागतो असं पुस्तकात आहे. माझंच काहीतरी चुकलं असेल असं वाटलं, म्हणून मी शून्य लिहिलं.”

या मुलीला खोटे बोलायचे नव्हते. पुस्तकाशी जुळणारे उत्तर म्हणजेच बरोबर उत्तर, ही समजूत तिच्या मनात आम्हीच घातली होती. वास्तविक पुस्तकही बरोबर होते आणि खोकेही. घेवड्याच्या बीजदलांत अन्नाचा साठा असतो आणि रुजण्यापुरते त्या रोपाचे त्यावर भागते. प्रकाशाची गरज पडते ती पुढे, स्वतःचे अन्न स्वतः तयार करायची वेळ येते तेव्हा. (काही अगदी बारीक बियांना रुजण्यासाठीही प्रकाश लागतो, हे खरे, पण घेवडा त्यांपैकी नव्हे.) अंधारातले रोप हिरवे द्रव्य तयार न करता आपली सगळी शिल्लक उंच होण्यावर खर्च करते, कारण जमिनीखाली रुजलेल्या बीजाला प्रकाश गाठायचा तोच एक मार्ग असतो. म्हणजे त्या बंद खोक्यात एका उत्तराबरोबर एक नवा आणि पहिल्यापेक्षा सुंदर प्रश्नही उगवलेला होता, आणि आमच्या शिकवण्याने त्या दोन्हींवर शून्याचा शिक्का मारला होता.

निरीक्षण, प्रश्न, परिकल्पना (म्हणजे तपासून पाहण्यासाठी मांडलेला अंदाज), प्रयोग, नोंद, निष्कर्ष ही साखळी आपल्या विद्यार्थ्यांना तोंडपाठ असते. ही यादी चूक आहे असे मी म्हणत नाही. पण ती जिन्यासारखी शिकवली जाते, एकेक पायरी चढत वर जायचे आणि पोहोचलो की संपले, असे मुलांना वाटते. या यादीचा एक उगम पाहण्यासारखा आहे. अमेरिकन विचारवंत जॉन ड्यूई यांनी १९१० मध्ये, एखाद्या अडचणीत सापडलेला माणूस विचार कसा करतो याचे पाच टप्प्यांत वर्णन केले: अडचण जाणवणे, ती नेमकी कोणती हे ठरवणे, उपाय सुचणे, त्या उपायातून काय काय निष्पन्न होईल याचा तर्क करणे आणि मग अधिक निरीक्षणाने तो उपाय स्वीकारणे किंवा टाकून देणे. विचार कसा चालतो याचे हे वर्णन पुढे पाठ्यपुस्तकांत शिरले, तेव्हा त्याचा ठरावीक विधी झाला, आणि ‘किंवा टाकून देणे’ हे त्यातले सर्वांत मोलाचे शब्द वाटेत कुठेतरी गळून पडले. मला जे म्हणायचे आहे ते या गळलेल्या शब्दांविषयी आहे.

परिकल्पना टाकून देणे म्हणजे काय, हे समजावण्यासाठी मी वर्गात नेहमी इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरांची हकिकत सांगत असे, आणि ती थोडक्यात उरकू नये असा माझा आग्रह असे. व्हिएन्नाच्या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात प्रसूतीचे दोन विभाग होते. पहिल्यात वैद्यकीचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुईणी. १८४६ साली पहिल्या विभागात प्रसूत झालेल्या स्त्रियांपैकी ११.४ टक्के दगावल्या आणि दुसऱ्या विभागात २.८ टक्के; बहुतेक मृत्यूंचे कारण होते सूतिकाज्वर, म्हणजे बाळंतपणानंतर येणारा ताप. इमारत एक, शहर एक, हवा एक, मग हा फरक कशामुळे? गर्दीमुळे म्हणावे, तर दुसऱ्या विभागात गर्दी जास्त होती. अन्न किंवा शुश्रूषा म्हणावी, तर दोन्हीकडे सारखीच होती. हवेतल्या दूषित लहरींनी म्हणावे, तर त्या एका दाराशी थांबून दुसऱ्या दारातून आत शिरतील कशा? शिवाय रुग्णालयात येताना रस्त्यातच प्रसूत झालेल्या स्त्रियांमध्ये मृत्यूचे प्रमाण पहिल्या विभागापेक्षा कमी होते. मरणासन्न रुग्णाकडे जाणारा धर्मगुरू घंटा वाजवत पहिल्या विभागातून जातो आणि त्या धसक्याने स्त्रिया आजारी पडतात, असेही एक कारण पुढे आले होते. सेमेलवाइस यांनी त्याला हसून सोडून दिले नाही. धर्मगुरूला वळसा घालून, घंटा न वाजवता यायला सांगितले. मृत्यू कमी झाले नाहीत. दुसऱ्या विभागात स्त्रियांना कुशीवर निजवून प्रसूती करत, म्हणून पहिल्या विभागातही तसे करून पाहिले. तरीही फरक पडला नाही.

इथवरच्या हकिकतीकडे मी मुलांचे मुद्दाम लक्ष वेधत असे. एकापाठोपाठ एक कल्पना फसत गेल्या. पण यातला एकही प्रयोग वाया गेला, असे म्हणता येणार नाही. प्रत्येक नकाराने शोधाचे क्षेत्र थोडे लहान केले. मार्च १८४७ मध्ये त्यांचे सहकारी कोलेत्श्का शवविच्छेदनाच्या वेळी एका विद्यार्थ्याच्या सुरीने जखमी झाले आणि दगावले, आणि त्यांच्या शरीरात सूतिकाज्वराने गेलेल्या स्त्रियांसारखीच लक्षणे आढळली. पहिल्या विभागातले डॉक्टर आणि विद्यार्थी शवविच्छेदन करून थेट प्रसूतिगृहात येत. सुईणी शवविच्छेदन करत नसत. तेव्हा हातांना चिकटलेले शवकण हेच कारण असावे, अशी परिकल्पना सेमेलवाइस यांनी मांडली आणि तिच्यातून एक सरळ भाकीत काढले: हात रासायनिक रीतीने स्वच्छ केले, तर मृत्यू कमी झाले पाहिजेत. मे १८४७ पासून त्यांनी क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे केले. एप्रिलमध्ये पहिल्या विभागातला मृत्युदर १८.३ टक्के होता, तो जूनमध्ये २.२ टक्क्यांवर आला. आणि १८४८ सालात दोन्ही विभागांचे आकडे १.३ टक्क्यांच्या आसपास जवळजवळ सारखे झाले.

पुस्तकी जिना इथे संपतो, पण हकिकत संपत नाही, आणि म्हणूनच मला ती प्रिय आहे. १८४७ च्याच ऑक्टोबरात, हात धुण्याची शिस्त चालू असतानाच, ओळीने तपासलेल्या बारा स्त्रियांपैकी अकरा दगावल्या. त्या ओळीतली पहिली स्त्री गर्भाशयाच्या सडलेल्या कर्करोगाने आजारी होती. तिला तपासल्यावर प्रत्येक वेळी हात नीट निर्जंतुक न करता पुढच्या स्त्रियांना तपासले गेले होते. म्हणजे कारण केवळ शवकण नव्हते. जिवंत शरीरातला सडलेला अंशही तेच करू शकत होता. यशस्वी ठरलेली परिकल्पनाही त्यांना पुन्हा उघडून रुंद करावी लागली. यशानंतरही आपली कल्पना तपासायला परत बसणे, ही पायरी आपल्या यादीत कुठे आहे?

शब्दांचाही थोडा विचार करायला हवा. आपल्याकडे गृहीतक आणि परिकल्पना हे दोन शब्द अनेकदा एकमेकांच्या जागी वापरले जातात. गृहीतक म्हणजे जे आपण धरून चालतो, ज्याची या प्रयोगात चौकशी करायची नाही; परिकल्पना म्हणजे जिची चौकशी करण्यासाठीच प्रयोग मांडला आहे. दोन्ही भांड्यांतल्या बिया सारख्याच सकस आहेत, हे त्या मुलीचे गृहीतक. रुजायला प्रकाश लागतो, ही तिची परिकल्पना. तिने परिकल्पनेलाच गृहीतकाच्या जागी बसवले, म्हणजे जे तपासायचे तेच धरून चालली. आपल्या शिकवण्यातली चूक एका वाक्यात सांगायची तर मी हीच सांगेन. तशीच चूक ‘सिद्ध झाले’ या शब्दांची. वीस बियांच्या एका प्रयोगाने काही सिद्ध होत नाही. परिकल्पनेला पाठिंबा मिळतो किंवा तिला धक्का बसतो. यातही एक असमानता आहे, ती मुलांना सांगितली की चटकन पटते: अंधारात नीट रुजलेल्या नऊ बिया ‘घेवड्याला रुजायला प्रकाश लागतोच’ हे विधान खाली पाडायला पुरतात, पण उजेडात रुजलेल्या नऊशे बियाही ते उभे करायला पुरत नाहीत.

परिकल्पना पारखायची, तर तिच्यातून आधी भाकीत काढावे लागते आणि ते चुकण्याची शक्यता खरी असावी लागते. या बाबतीत फ्रेंच खगोलगणिती ले व्हेरिए यांचे उदाहरण मला फार बोलके वाटते, कारण त्यांनी एकच रीत दोनदा वापरली. युरेनस ग्रह गणिताने सांगितलेल्या मार्गावरून किंचित ढळतो, तेव्हा त्याच्या पलीकडे आणखी एक ग्रह असला पाहिजे, असे मानून त्यांनी त्या अज्ञात ग्रहाची जागा गणिताने काढली. २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री बर्लिनच्या वेधशाळेत गॉल यांनी दुर्बीण तिकडे वळवली आणि सांगितलेल्या जागेपासून एक अंशाच्या आतच नेपच्यून सापडला. पुढे बुधाच्या कक्षेतही असाच एक न जुळणारा अंश दिसला, आणि १८५९ मध्ये ले व्हेरिए यांनी पुन्हा तोच तर्क केला: बुध आणि सूर्य यांच्यामध्ये काही अज्ञात वस्तुमान असले पाहिजे. त्या ग्रहाला व्हल्कन हे नावही मिळाले, तो पाहिल्याचे दावेही झाले, पण वारंवार शोधूनही तो कधी खात्रीने दिसला नाही, कारण तो नव्हताच. बुधाच्या कक्षेतला तो शतकाला ४३ विकलांचा (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) फरक १९१५ मध्ये आइन्स्टाइन यांच्या गुरुत्वाकर्षणाच्या नव्या उपपत्तीने उलगडला. माणूस तोच, गणिती कौशल्य तेच, तर्काची घडणही तीच. एकदा ग्रह सापडला आणि एकदा गुरुत्वाकर्षणाची जुनी समजच अपुरी असल्याची खूण सापडली. कोणत्या वेळी काय निघेल हे पायऱ्या पाठ करून कळत नाही, ते आकाशाकडे पाहूनच ठरते. (आणि हे दोन्ही शोध प्रयोगशाळेबाहेरचे आहेत, हेही मुलांना सांगावे. ग्रह हलवून पाहता येत नाहीत. खगोलशास्त्र किंवा भूशास्त्र यांत भाकीत आणि निरीक्षण यांनाच प्रयोगाचे काम करावे लागते.)

प्रयोगाच्या मांडणीविषयी, म्हणजे एका वेळी एकच चल (बदलता घटक) बदलावा, तुलनेसाठी एक नियंत्रित गट ठेवावा, याविषयी पाठ्यपुस्तकांत पुरेसे असते आणि बहुतेक शिक्षक ते चांगले शिकवतात. मी फक्त एवढीच भर घालीन की काळजीपूर्वक मोजमाप करूनही माणूस चुकू शकतो. सतराव्या शतकात व्हॅन हेल्माँट यांनी विलो जातीचे एक रोप २०० पौंड सुकवलेल्या मातीत लावले आणि पाच वर्षे त्याला केवळ पाणी घातले. झाड ५ पौंडांचे सुमारे १६९ पौंडांचे झाले आणि माती फक्त दोनेक औंसांनी घटली. झाडाचे वस्तुमान मातीतून येत नाही, हा अर्धा निष्कर्ष पक्का होता. ते सगळे पाण्यातूनच आले, हा उरलेला अर्धा चुकला, कारण हवा हाही एक उमेदवार आहे हे त्यांच्या मोजणीत आलेच नाही. वजने निर्दोष होती, परिकल्पनांची यादी अपुरी होती. म्हणून विद्यार्थ्याने आपल्या निकालाखाली ‘याचे आणखी कोणते स्पष्टीकरण असू शकेल?’ हा प्रश्न लिहिला पाहिजे, मग उत्तर येवो वा न येवो.

नोंदींच्या बाबतीत मात्र मला कठोर व्हावेसे वाटते. लंबकाचा प्रयोग जवळजवळ प्रत्येक शाळेत होतो. एक मीटर लांबीच्या लंबकाचा आवर्तकाल सुमारे दोन सेकंद यायला हवा, हे मुलांना आधीच ठाऊक असते, आणि मग वहीत तिन्ही वेळा २.० सेकंद असेच येते. हाताने घड्याळ चालू-बंद करताना प्रत्येक वेळी सेकंदाच्या एखाद-दुसऱ्या दशांशाची चूक होतेच. म्हणून एका आंदोलनाऐवजी वीस आंदोलने मोजून विसाने भागायचे, म्हणजे ती चूकही विसाने भागली जाते. ही युक्ती किती देखणी आहे! पण जिथे चूक दिसूच दिली जात नाही, तिथे ती कमी करण्याच्या युक्तीचे मोल मुलांना कळणार कसे? १.९, २.१, २.० असे विस्कळीत आकडे ज्या वहीत असतील, ती वही मला जास्त विश्वासार्ह वाटते, आणि मी परीक्षक असते तेव्हा तसे बोलून दाखवते.

आपल्याच निकालावर शंका घेण्याचे एक अलीकडचे उदाहरणही विद्यार्थ्यांना माहीत असावे. २०११ च्या सप्टेंबरात ‘ऑपेरा’ या प्रयोगातल्या शास्त्रज्ञांनी जाहीर केले की जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतून निघालेले न्यूट्रिनो हे अतिसूक्ष्म कण इटलीतल्या ग्रान सास्सो येथे, सुमारे ७३० किलोमीटरवर, प्रकाशाला लागला असता त्यापेक्षा सुमारे ६० अब्जांश सेकंद आधी पोहोचलेले दिसतात. महिनोन्महिने स्वतःच तपासूनही चूक सापडेना, म्हणून त्यांनी मोजमाप जगापुढे ठेवले आणि इतरांनी ते तपासावे अशी विनंती केली. पुढच्या वर्षी कळले की प्रकाशतंतूची एक जोडणी नीट बसलेली नव्हती. ती दुरुस्त केल्यावर तो फरक नाहीसा झाला. शेकडो तज्ज्ञ जगासमोर आपला निकाल मागे घेऊ शकतात, तर सातवीतल्या मुलीला आपली परिकल्पना चुकली असे लिहिताना भीती का वाटावी?

ती भीती गुणांची आहे, आणि म्हणून ती दूर करणे आपल्या हातात आहे. प्रयोग करण्याआधी, त्याच दिवशीची तारीख घालून, ‘मला काय घडेल असे वाटते आणि का’ हे विद्यार्थ्याने शाईने लिहावे, आणि नंतर ते बदलू नये. चुकलेली नोंद खोडरबरने पुसू नये. तिच्यावर एक रेघ मारावी, खालचे वाचता येईल अशी, आणि शेजारी कारण लिहावे. गुण द्यायचे ते मांडणीला, प्रामाणिक नोंदीला आणि निकालावरून केलेल्या विचाराला द्यावेत. परिकल्पना खरी ठरली की खोटी, याचा गुणांशी संबंध ठेवू नये. प्रदर्शनांत परीक्षकांनी प्रत्येक विद्यार्थ्याला ‘तुझा कोणता अंदाज चुकला?’ असे विचारावे. ज्याचा एकही अंदाज चुकलेला नाही, त्याला पुढे काय तपासशील असे विचारावे. पालकांनाही एक विनंती आहे: आदल्या रात्री मुलाचा प्रयोग ‘नीट यावा’ म्हणून मदत करू नका. फसलेला प्रयोग घेऊन शाळेत जाण्याची त्याला मुभा द्या, आणि तो का फसला यावर त्याच्याशी बोला.

यामुळे मुले निष्काळजी होतील, कसेही प्रयोग करून ‘परिकल्पना चुकली’ असे लिहून मोकळी होतील, असा आक्षेप एका सहकारी शिक्षकांनी माझ्याकडे घेतला होता. आक्षेप गंभीर आहे. परिकल्पना चुकणे आणि प्रयोग चुकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांतला भेद ओळखायला पुन्हा प्रयोग करावा लागतो. अंधारातल्या बिया पाणी न मिळाल्याने रुजल्या नसत्या, तर तो प्रयोगाचा दोष असता. म्हणून ‘चुकली’ असे लिहिणाऱ्याने प्रयोग किमान एकदा पुन्हा करून दाखवावा, ही अट रास्त आहे. आणि ‘बरोबर आली’ असे लिहिणाऱ्यालाही तीच अट असावी.

आपल्या दैनिकातही मुलांसाठी घरी करण्याजोगे विज्ञानाचे प्रयोग वेळोवेळी छापले जातात. त्यांत कृतीच्या लगेच खाली निकालही दिलेला असतो. माझी सूचना अशी की निकाल पुढच्या आठवड्यात छापावा, आणि दरम्यान मुलांनी आपले अंदाज आणि आकडे कळवावेत. त्यांतले न जुळणारेही छापावेत. त्या मुलीला मी त्या दिवशी तक्ता दुरुस्त करायला सांगितले. तिने शून्यावर रेघ मारून नऊ लिहिले, ‘सिद्ध झाले’ हे वाक्य खोडले, आणि मग त्या पिवळ्या रोपांकडे पाहत विचारले, “बाई, आता ही उजेडात ठेवली तर हिरवी होतील का, आणि किती दिवसांत?” मी उत्तर दिले नाही. खोके घरी ने आणि रोज लिहून ठेव, एवढेच सांगितले.

आपली विश्वासू,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका